क्रिकलेडच्या कुरणातला वसंत: पूर, गवत आणि १२ ऑगस्टची तारीख

लंडनच्या पुलांखालची रुंद, गढूळ थेम्स पाहिलेल्या माणसाला क्रिकलेडमध्ये तीच नदी दाखवली, तर त्याचा चटकन विश्वास बसणार नाही. विल्टशर काउंटीच्या उत्तर टोकाला असलेल्या या जुन्या बाजारपेठेच्या गावापाशी थेम्स पोहोचते, तेव्हा ती उगमापासून फार लांब आलेली नसते आणि तिचे पात्र एखाद्या ओढ्याएवढेच असते. तरीही उगमाकडून येताना नदीकाठी लागणारे पहिले शहर आपलेच, असा क्रिकलेडकरांचा अभिमान आहे, आणि गावाचा इतिहास पाहता तो पोकळ म्हणता येत नाही. डेन लोकांच्या स्वाऱ्यांना आवर घालण्यासाठी राजा आल्फ्रेड आणि त्याच्या वारसाच्या काळात तटबंदीची जी गावे उभी राहिली, त्यांत क्रिकलेड होते; मातीच्या तटाने वेढलेला तो जवळजवळ चौकोनी आराखडा आजही ओळखता येतो. पुढे येथे टांकसाळ आली, बाजार भरू लागला आणि पार्लमेंटमध्ये सभासद पाठवण्याचा हक्कही मिळाला. हा हक्क येथल्या मतदारांनी इतक्या उघडपणे विकला की १७८२ साली खास कायदा करून मतदारसंघ आजूबाजूच्या खेड्यांपर्यंत वाढवावा लागला. लाच द्यायचीच असेल तर निदान ती पुष्कळ लोकांना द्यावी लागावी, असे काहीसे त्या उपायाचे स्वरूप होते.

एप्रिल महिन्यात मात्र बाहेरगावची माणसे येथे इतिहासासाठी येत नाहीत. गावाच्या उत्तरेला, थेम्स आणि तिला येथेच मिळणारी चर्न या दोन नद्यांच्या बेचक्यात, नॉर्थ मेडो नावाचे सुमारे ४४ हेक्टरांचे, म्हणजे १०८ एकरांचे, एक सपाट कुरण आहे. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत त्यावर स्नेक्स हेड फ्रिटिलरी या जांभळ्या, घंटेच्या आकाराच्या फुलांचा बहर येतो. ब्रिटनमध्ये रानात उगवणाऱ्या या फुलांपैकी अंदाजे ८० टक्के फुले या एकाच कुरणात आहेत असे सांगितले जाते. थेम्सच्या काठी एके काळी अशी फुले अनेक ठिकाणी दिसत. मग ती येथेच का टिकली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात जितके आहे तितकेच ते वहिवाटीच्या कायद्यात आणि पंचांगातही आहे.

आधी फूल जवळून पाहू. गुडघ्याच्याही खाली राहणारा, वीस-तीस सेंटिमीटर उंचीचा बारीक देठ, त्यावर गवतासारखी अरुंद, किंचित राखाडी झाक असलेली मोजकीच पाने, आणि टोकाला बहुधा एकच फूल. कळी असताना तिचा निमुळता, खाली वाकलेला आकार खरोखरच सापाच्या डोक्याची आठवण करून देतो. फूल उमलले की सहा पाकळ्यांवर गडद आणि फिक्या जांभळ्या रंगाचे लहान लहान चौकोन दिसतात, आणि ते इतके रेखीव असतात की कोणी कापडावर ठसे उमटवले असावेत असे वाटते. मधूनच एखादे फूल पांढरे असते. त्यावरही नीट पाहिल्यास हिरवट छटेचे तेच चौकोन सापडतात. फूल जमिनीकडे तोंड करून लोंबकळते, त्यामुळे एप्रिलच्या सततच्या सरींत आतले पराग भिजत नाहीत, आणि थंडीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या बंबलबी जातीच्या राणीमाश्यांना मधासाठी फुलात खालून शिरता येते. परागीभवन झाले की देठ हळूहळू सरळ होतो आणि बियांचे बोंड आकाशाकडे तोंड करून उभे राहते. जूनमध्ये ते वाळते, फुटते, आणि चपट्या, हलक्या बिया वाऱ्याने आसपास पडतात किंवा पुढे पुराच्या पाण्यावर तरंगत जातात. बी रुजल्यापासून पहिले फूल येईपर्यंत चार-पाच वर्षे सहज जातात, कधी त्याहूनही अधिक. तोवर जमिनीखालचा छोटा कंद दर वर्षी थोडा थोडा अन्नसाठा करत राहतो.

या वनस्पतीचे वर्ष अशा रीतीने अतिशय आखीव आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये कोंब वर येतात, एप्रिलमध्ये फूल, जूनमध्ये बी, आणि जुलै लागेपर्यंत जमिनीवरचा भाग वाळून नाहीसा होतो. उरलेले सात-आठ महिने ती कंदाच्या रूपात जमिनीत पडून असते. इंग्लंडच्या या अक्षांशावर एप्रिलच्या मध्याला दिवस पावणेचौदा तासांच्या आसपास पोहोचलेला असतो आणि मातीही बऱ्यापैकी उबदार होत असते, पण उंच वाढणारी गवते अजून जोरात आलेली नसतात. या चार-पाच आठवड्यांच्या मोकळ्या उन्हात फ्रिटिलरीला आपले सगळे काम उरकून घ्यावे लागते. सावलीत ती मागे पडते, आणि म्हणूनच तिच्या शेजारची गवते किती उंच व किती दाट होतात, यावर तिचे जगणे अवलंबून असते.

येथे नदी चित्रात येते. हिवाळ्यात थेम्स आणि चर्न पात्राबाहेर पडतात आणि नॉर्थ मेडोवर कित्येक दिवस पाणी उभे राहते. या पाण्यातून येणारा बारीक गाळ, आपल्याकडे ज्याला पोयटा म्हणतात तो, कुरणावर पसरतो आणि त्याबरोबर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे फुकटचे खत आहे. शतकानुशतके या कुरणात दुसरे कोणतेही खत न घालता दर वर्षी भरघोस गवत निघाले, ते या गाळामुळे. मात्र हिवाळ्यात पाण्याखाली असलेली ही जमीन वसंतात पुन्हा श्वास घेण्याजोगी होते हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण वाढीच्या दिवसांत मुळांना हवा मिळाली नाही तर कुरणातल्या बहुतेक वनस्पती गुदमरतात. नॉर्थ मेडोच्या मातीखाली कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवरून वाहत आलेल्या चुनखडकाच्या खडीचा थर आहे. नदीची पातळी उतरली की वरचे पाणी या खडीतून लवकर निचरून जाते. हिवाळ्यात पूर आणि वसंतात निचरा, असा जोड मिळणारी जमीन इंग्लंडमध्ये मुळात फार नाही. आणि जी होती तीही पुष्कळशी खोदली गेली, कारण बांधकामाला हीच खडी लागते. क्रिकलेडच्या पश्चिमेला पसरलेल्या कॉट्सवोल्ड वॉटर पार्कमधली दीडशेहून अधिक तळी म्हणजे अशाच खडी उपसलेल्या खाणी आहेत.

आता या खताचा जमाखर्च पाहिला पाहिजे, कारण सगळ्या विषयाची गुरुकिल्ली त्यात आहे. पुराने दर हिवाळ्यात स्फुरद जमा होते. ते तसेच साठत गेले, तर काही वर्षांत दांडगी गवते आणि लव्हाळ्यासारख्या पाणथळ वनस्पती माजतात आणि लहान फुलझाडे त्यांच्या सावलीत संपतात. सुपीकता वाढली की फुले कमी होतात, ही गोष्ट शेतीची सवय असलेल्या वाचकाला उलटी वाटेल, पण कुरणांच्या बाबतीत ती अगदी खरी आहे. म्हणून जमा झालेले बाहेर काढणारा कोणी तरी लागतो, आणि ते काम जुलैतली गवतकापणी करते. वाळवलेले गवत गाड्या भरून कुरणाबाहेर नेले जाते, तेव्हा त्याबरोबर त्यातले स्फुरदही बाहेर जाते. नदी जेवढे आणते साधारण तेवढे विळा नेतो, आणि माती ना फार कसदार ना फार निकृष्ट अशा मधल्या स्थितीत राहते. या मधल्या स्थितीत कोणत्याही एका वनस्पतीला बाकीच्यांवर कुरघोडी करता येत नाही. त्यामुळेच फ्रिटिलरीबरोबर दलदलीतला पिवळा मार्श मॅरीगोल्ड, फिकट जांभळा ककूफ्लॉवर, नंतर येणारी ऑक्स-आय डेझी, ग्रेट बर्नेट आणि मेडोस्वीट अशी कितीतरी झाडे एकाच चौरस मीटरमध्ये नांदतात. यलो रॅटल नावाची एक अर्धपरजीवी वनस्पती तर गवताच्या मुळांना चिकटून त्यांचे अन्न चोरते आणि त्यांचा जोर आणखी कमी करते. शेतकऱ्यांचा तिच्यावर राग असे, आज कुरण राखणारे तिचे बी मुद्दाम पेरतात.

कापणी कधी करायची, हा यातला सर्वांत नाजूक भाग. मेमध्येच गवत कापले, तर फ्रिटिलरीचे बी तयार होण्याआधीच बोंडे जातात. ऑगस्ट उलटून गेल्यावर कापले, तर गवतातले पुष्कळसे सत्त्व मुळांकडे परत गेलेले असते आणि जमाखर्चाची बाकी वाढत जाते. जुलैची कापणी दोन्ही बाजूंनी सोयीची ठरते: बी पडून गेलेले असते आणि गवत अजून कसदार असते. हे वेळापत्रक कोणा निसर्गप्रेमीने बसवलेले नाही. ते जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि गावकीच्या भांडणांना आवर घालण्यासाठी बसले, आणि ज्या वनस्पतीला त्यात बसता आले ती टिकली.

नॉर्थ मेडो हे लॅमस पद्धतीचे कुरण आहे. या पद्धतीत वर्षाचे दोन भाग पडतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुरण बंद असते. या काळात त्यावर जनावर सोडता येत नाही आणि वाढलेल्या गवतावर वाटेकऱ्यांचा हक्क असतो. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. नॉर्थ मेडोत या वाट्यांच्या हद्दी दाखवणारे, मालकांची आद्याक्षरे कोरलेले एकोणिसाव्या शतकातले दगड आजही गवतात उभे आहेत. कापणीच्या आधी ते पानांत पार बुडालेले असतात आणि गवत उतरल्यावर एकदम नजरेत भरतात. गवत कापून नेले की ऑगस्टमध्ये कुरण सर्वांसाठी खुले होते आणि हक्कदार गावकऱ्यांची जनावरे तेथे चरू लागतात. आधी गुरे आणि घोडे, मेंढ्या त्यानंतर. म्हणजे तीच जमीन अर्धे वर्ष खासगी आणि अर्धे वर्ष गायरान. मध्ययुगात चाऱ्याचे महत्त्व किती होते हे लक्षात घेतले, तर एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी याचे नवल वाटणार नाही. हिवाळ्यात जनावरे जगवायची तर साठवलेल्या वाळक्या गवताखेरीज फारसा आधार नव्हता, आणि म्हणून अशा नदीकाठच्या कुरणाला नांगराखालच्या शेतापेक्षा जास्त मोल येत असे.

कुरण खुले करण्याची तारीख १२ ऑगस्ट आणि बंद करण्याची १२ फेब्रुवारी. या तारखा विचित्र वाटतात, कारण लॅमस हा नव्या गव्हाच्या पहिल्या पावाचा सण १ ऑगस्टला येतो. मधल्या अकरा दिवसांचा उलगडा १७५२ साली झालेल्या कालगणनेच्या बदलात आहे. युरोपातील कॅथलिक देशांनी सोळाव्या शतकात स्वीकारलेली ग्रेगरियन कालगणना ब्रिटनने त्या वर्षी स्वीकारली आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. सण, जत्रा, न्यायालयांच्या मुदती यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिलाच, पण कायदा करणाऱ्यांनी गायरानांचा स्वतंत्र विचार केला होता: कुरणे उघडण्याचा आणि मिटण्याचा दिवस पूर्वी जितक्या नैसर्गिक दिवसांनी येत असे तसाच यावा, असे कलम त्या कायद्यात होते. कागदावरची तारीख अकरा दिवस पुढे सरकली आणि प्रत्यक्ष दिवस होता तेथेच राहिला. गवताला कालगणना कळत नाही, हे पार्लमेंटला कळले होते असे म्हणायला हरकत नाही. फेब्रुवारीची तारीखही याच हिशेबाने येते. २ फेब्रुवारीचा कॅन्डलमस सण अकरा दिवस पुढे नेला की १३ फेब्रुवारी येते आणि त्याच्या आदल्या दिवशी जनावरे बाहेर काढायची. फ्रिटिलरीचे कोंब जमिनीबाहेर डोकावू लागतात ते त्यानंतर.

हिवाळी चराईचेही स्वतःचे काम आहे. कापणीनंतर पुन्हा फुटलेले गवत जनावरे खाऊन टाकतात, त्यामुळे वसंताच्या आरंभी कुरण आखूड आणि मोकळे असते. त्यांच्या खुरांनी जमिनीत छोट्या भेगा आणि खळगे पडतात आणि पडलेल्या बियांना मातीचा स्पर्श होतो. मात्र हीच जनावरे मार्चपर्यंत तेथे राहिली, तर कोवळे कोंब तुडवले जातील. चराईवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी क्रिकलेडमध्ये कोर्ट लीट या मध्ययुगीन गावसभेकडे आहे. इंग्लंडमधल्या अशा बहुतेक सभा केव्हाच इतिहासजमा झाल्या. येथली सभा अजून भरते आणि कुरणावर लक्ष ठेवणारा हेवर्ड अजून नेमते. कुरणाचा बाकीचा कारभार राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून, १९७३ पासून, सरकारी संवर्धन यंत्रणेच्या हाती आहे.

माझ्या मते क्रिकलेडच्या फुलांचे खरे संरक्षण या गुंतागुंतीच्या मालकीनेच केले आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या हजारो कायद्यांनी इंग्लंडमधली गायराने कुंपणाखाली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी जुनी कुरणे नांगरली गेली आणि त्यानंतर रासायनिक खतांनी उरलेल्यांचे रूप पालटले. १९३० च्या दशकानंतर अर्ध्या शतकात इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची सुमारे ९७ टक्के कुरणे नाहीशी झाली. नॉर्थ मेडोत मात्र गवताचा मालक एक आणि चराईचे हक्कदार दुसरे असल्याने कोणा एकट्याला नांगर घालणे, खत टाकणे किंवा चर खणून पाणी काढणे सोपे नव्हते. सुधारणा करायची तर सगळ्यांची संमती हवी, आणि गावात सगळ्यांची संमती मिळणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको.

फ्रिटिलरी ब्रिटनची मूळची आहे की बागेतून पळालेली, हा वाद अजून मिटलेला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बागांत ती लावली जात होती, पण रानात उगवल्याची पहिली नोंद १७३६ सालची आहे. इतके ठळक फूल त्याआधीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटले असेल का, असा प्रश्न एक पक्ष विचारतो. पुराने भरलेल्या चिखलाच्या कुरणांत एप्रिलमध्ये त्या काळी जात तरी कोण होते, असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्या पक्षाचे म्हणणे बरोबर असेल, तर कुरणाची व्यवस्था फुलापेक्षा कित्येक शतकांनी जुनी ठरते, आणि फूल तिच्यात नंतर येऊन स्थिरावले असे होईल. कुरण सांभाळण्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही पक्षांना सारखेच वागावे लागते.

हा समतोल आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. हिवाळ्यातला पूर फ्रिटिलरीला मानवतो, उन्हाळ्यातला नाही. जुलै २००७ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये ऐन उन्हाळ्यात अतोनात पाऊस झाला. अशा वर्षी कुरण चिखलमय राहते, यंत्रे आत जाऊ शकत नाहीत आणि गवत उभेच्या उभे कुजते. खताची जमा होते, वजावट होत नाही. सलग दोन-तीन वर्षे असे झाले तर पाणथळ गवते पुढे सरकतात. वरच्या अंगाला असलेल्या गावांचे सांडपाणी आणि शेतांतली खते यांमुळे नदीच्या पाण्यातच स्फुरद वाढले असेल, तर एरवी पुरेशी ठरणारी कापणीही अपुरी पडते. म्हणून दर एप्रिलमध्ये ओपन युनिव्हर्सिटीचे संशोधक आणि स्वयंसेवक कुरणात एक-एक चौरस मीटरची चौकट ठेवून आतली फुले आणि फुलावर न आलेली रोपे मोजतात. एखाद्या वर्षी फुले कमी दिसली म्हणजे कंद मेले असे नसते. कंद एखादे वर्ष नुसत्या पानांवरही काढू शकतो. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून कोणी निष्कर्ष काढत नाही.

क्रिकलेडपासून जेमतेम तेरा-चौदा किलोमीटरवर स्विंडन आहे, आणि तेथे गोव्यातून आलेल्या हजारो लोकांची वस्ती आहे; इंग्लंडच्या पश्चिम भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे अंतर फार नाही. जायचे असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा निवडावा, पण निघण्यापूर्वी कुरण पाण्याखाली नाही ना याची चौकशी करावी, कारण ओल्या वर्षी पूर एप्रिलपर्यंत रेंगाळतो. गमबूट न्यावेत. गावाच्या रुंद हाय स्ट्रीटवरून चालत कुरणापर्यंत जाता येते आणि आत आखलेली पाऊलवाट आहे. ती सोडू नये, आणि फुलांचे छायाचित्र घेण्यासाठीही बाजूच्या गवतात उतरू नये. फुलावर आलेली रोपे डोळ्यांना दिसतात म्हणून माणूस ती चुकवून पाय टाकतो. पण पहिल्या वर्षीच्या रोपाला गवताच्या पात्यासारखे एकच पान असते, आणि ते नेमके पायाखाली येते.